हात न लावता गुडघा कसा बरा होणार? मोबाइलवरच्या फिजिओथेरपीची पहिल्या कॉलपासून तिसऱ्या महिन्यापर्यंतची वाट

"ताई, तुम्ही तिथं पुण्यात, मी इथं माणात. हात न लावता माझा गुडघा कसा बरा करणार?"

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढच्या एका गावातल्या मावशींनी पहिल्याच व्हिडिओ कॉलवर मला हे विचारलं. वय ६६, दोन्ही गुडघे सात वर्षांपासून दुखणारे, उजवा जास्त. त्याआधी त्या वीस दिवस रोज एसटीने जाऊन एका ठिकाणी मशीनचा शेक घेऊन आल्या होत्या. शेकताना बरं वाटायचं आणि परतीच्या एसटीची पायरी चढताना पुन्हा तीच कळ यायची.

त्यांना दिलेलं उत्तर इथं सविस्तर लिहिते आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. २०२० च्या टाळेबंदीत नाइलाजाने व्हिडिओवर पेशंट बघायला लागले. नाइलाज संपला, तरी माझे बरेच पेशंट आजही फोनच्या पडद्यावरच भेटतात. लेख मुख्यतः झिजेच्या गुडघेदुखीबद्दल, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसबद्दल आहे, कारण माझ्याकडे सगळ्यात जास्त तीच येते. खांदा, खुबा किंवा कंबर दुखत असेल तर व्यायाम वेगळे असतील, पण तयारी, तपासणी आणि दुखणं मोजायची पद्धत बरीचशी हीच.

हाताने काय होतं, कशाने बरं होतं

गुडघा दुखायला लागला की माणूस चालणं कमी करतो. जिना टाळतो, उठताना हातावर जोर देतो. काही महिन्यांत मांडीचा पुढचा स्नायू बारीक होतो. हाच स्नायू गुडघ्यावर येणारा दणका झेलत असतो. तो ढिला पडला की दणका सरळ सांध्यावर येतो, दुखणं वाढतं, चालणं आणखी कमी होतं. हे चक्र तोडायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे तो स्नायू, आणि स्नायू फक्त स्वतः काम करूनच वाढतो. मी तुमची मांडी कितीही दाबली, चोळली, तरी ती मजबूत होणार नाही.

हाताचा उपयोग तपासायला होतो, थोडा वेळ आराम द्यायला होतो, आणि कोणीतरी जवळ आहे हा धीर द्यायला होतो. तपासणीचा मोठा भाग कॅमेऱ्यातून जमतो आणि धीर आवाजातूनही देता येतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी जुनी गुडघेदुखी असलेल्या ३९४ लोकांवर याची रीतसर चाचणी केली. निम्म्यांना तीन महिन्यांत पाच वेळा प्रत्यक्ष फिजिओथेरपिस्ट भेटले, निम्म्यांना तेवढ्याच वेळा व्हिडिओवर. दुखणं कमी होण्यात आणि रोजची कामं सुधारण्यात व्हिडिओवाले मागे पडले नाहीत. हे निष्कर्ष २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तीन महिन्यांत फक्त पाच भेटी, हा आकडा लक्षात ठेवा. रोज जावं लागतं ही आपल्याकडची समजूत मशीनच्या शेकामुळे रुजली आहे. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तर स्पष्ट सांगतात की झिजेच्या सांधेदुखीत प्रत्येकाला व्यायाम द्यावा, आणि अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा शेक), टेन्स (विजेचे हलके झटके) यांसारखी मशीन देऊ नयेत, कारण त्यांच्या फायद्याचा पुरेसा पुरावा नाही.

आणखी एक गाठ आधीच सोडवते. "डॉक्टर म्हणाले गॅप संपलाय, वंगण गेलंय, मग व्यायामाने उरलंसुरलं झिजणार नाही का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच. कूर्चेला, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांधा हलतो, दाबला जातो, सुटतो, तेव्हा आतल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. बेताने वाढवत नेलेल्या व्यायामाने गुडघा झिजत नाही. एक्स-रे आणि दुखणं यांचं प्रमाणही नेहमी जुळत नाही. एक्स-रेत भरपूर झीज असूनही बिनतक्रार शेतात राबणारी माणसं मी पाहिली आहेत.

कॉलच्या आधी डॉक्टर कधी गाठायचे

इथं घाई करू नका. पुढच्यापैकी काहीही असेल तर व्हिडिओ कॉल बाजूला ठेवा आणि प्रत्यक्ष डॉक्टरांना दाखवा:

- सांधा अचानक लाल, गरम, टम्म सुजलेला आणि सोबत ताप. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना.
- पडल्यानंतर पायावर भारच देता येत नाही.
- एकाच पोटरीला नव्याने सूज, दुखरेपणा. विशेषतः ऑपरेशननंतर किंवा बरेच दिवस अंथरुणात काढल्यानंतर. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर एक मिनिटही थांबू नका.
- गुडघा मध्येच अडकतो आणि सरळच होत नाही.
- रात्री झोपेतून उठवणारं, आराम करूनही न थांबणारं दुखणं, वजन कारण नसताना उतरणं.
- कंबरदुखीसोबत दोन्ही पायांत किंवा बसायच्या जागी बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं. हे तर तातडीचं.

सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो हेही घड्याळ लावून बघा. झिजेच्या दुखण्यात तो सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तासभर किंवा जास्त टिकत असेल, बोटांचे लहान सांधे सुजत असतील, तर तो आमवाताचा प्रकार असू शकतो. त्याला रक्ततपासणी आणि औषध लागतं. नुसत्या व्यायामावर काढलेले महिने तिथं महाग पडतात. चिकुनगुन्या होऊन गेल्यावर कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने धरतात. त्यांनीही आधी डॉक्टरांना दाखवून मग सावकाश व्यायामाकडे यावं. जवळ डॉक्टर नसतील तर सरकारच्या ई-संजीवनी सेवेवर घरबसल्या मोफत सल्ला मिळतो, पण वर सांगितलेल्या तातडीच्या खुणा असतील तर तिथंही वेळ घालवू नका.

माणूस कोण निवडायचा

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. आम्हाला त्याचा राग येत नाही, आणि ज्याला येतो त्याच्याकडे जाऊ नका. पदवी बीपीटी किंवा एमपीटी असावी. "दहा दिवसांचा कोर्स केलाय" असं सांगणाऱ्याच्या हाती गुडघा देऊ नये.

फोनवर दोनच प्रश्न विचारा. पहिल्या कॉलला किती वेळ देता? अर्ध्या तासापेक्षा कमी असेल तर ते फक्त व्यायामाचे व्हिडिओ पाठवतील. आणि दोन कॉलच्या मध्ये दुखणं वाढलं तर कुठं कळवायचं? याचं साधं, ठाम उत्तर मिळालं पाहिजे. बरं करण्याची हमी देणारा, आधीच तीस सत्रांचं पॅकेज गळ्यात मारणारा किंवा स्वतःचं तेल विकणारा माणूस असेल तर नमस्कार करून फोन ठेवा.

आदल्या दिवशीची तयारी

ऑनलाइन उपचार फसतात ते बहुतेक वेळा इथंच, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

कागद: जुने एक्स-रे (फिल्म खिडकीच्या काचेला लावून फोटो काढा, चांगला येतो), रक्ताचे रिपोर्ट, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचा एकत्र फोटो. "बीपीची एक पिवळी गोळी" एवढ्यावर मला काही कळत नाही. नाव न लिहिलेल्या पुड्या किंवा काढे घेत असाल तर तेही सांगा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि ते अचानक बंद करणंही धोक्याचं असतं.

जागा: माझ्या पडद्यावर तुम्ही डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत दिसायला हवं. त्यासाठी फोन तुमच्यापासून साधारण दोन ते तीन मीटरवर आणि गुडघ्याच्या किंवा कमरेच्या उंचीवर असावा, डोळ्यांच्या उंचीवर नको. फोनचं स्टँड लागत नाही. खुर्चीवर दोन डबे, त्यांना टेकून फोन आडवा. मावशींनी साखरेचा आणि पोह्यांचा डबा वापरला, तीन महिने तेच आमचं स्टँड होतं. उजेड समोरून यावा. खिडकी पाठीमागे असली की मला फक्त काळी सावली दिसते.

फरशी कोरडी, पायात मोजे नकोत. खुर्ची चार पायांची, बिनचाकाची, भिंतीला टेकवलेली. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची गुळगुळीत फरशीवर सरकते आणि उठताना माणूस मागे पडतो, म्हणून भिंतीचा टेका हवाच.

कपडे: गुडघे दिसायला हवेत, पण संकोच वाटता कामा नये. साडी नेसणाऱ्यांनी गाऊनखाली सैल पायजमा घातला तरी चालतं, तो गुडघ्याच्या जरा वर घेता येतो. बायकांनी हवं तर सुनेला किंवा लेकीला सोबत बसवावं. मला उलट ते आवडतं, कारण पुढे आठवडाभर लक्ष ठेवायला घरात कोणीतरी तयार होतं. कॉल रेकॉर्ड होत असेल तर तुमची परवानगी घेतलीच पाहिजे. नको असेल तर सरळ नाही म्हणा.

मधुमेह असेल तर गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी कॉलवर येऊ नका, आणि साखर हाताशी ठेवा. बीपीची गोळी नेहमीच्या वेळी घेतलेली असावी.

पत्ता आणि घरातल्या किंवा शेजारच्या एकाचा फोन नंबर आधीच कळवून ठेवा. तुम्ही पडलात किंवा चक्कर आली तर मी पडद्यातून हात देऊ शकत नाही, पण शेजारी हाक मारू शकते. रेंज गेली तर काय करायचं तेही ठरवून टाका. माझा नियम असा: कॉल तुटला की पेशंटने खुर्चीत बसून राहायचं, मी साधा फोन लावते.

पहिला कॉल

पहिली पंधरा-वीस मिनिटं मी फक्त ऐकते. कधी दुखतं, जिना चढताना की उतरताना, कुठे बोट ठेवता येतं, रात्री झोप लागते का. त्यानंतर एक प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर आधी घरी विचार करून ठेवा: दुखण्यामुळे तुमचं कुठलं काम अडलं आहे? "बरं वाटावं" हे उत्तर मला उपयोगाचं नाही. "एकादशीच्या भजनाला तासभर बसता यावं", "नातवाला शाळेच्या फाटकापर्यंत सोडता यावं", "दिंडीत निदान एक टप्पा चालावा", असं काहीतरी हवं. मावशींना एसटीची पायरी कठडा न ओढता चढायची होती. मग आमचे सगळे व्यायाम त्या पायरीकडे वळले.

मग तपासणी. तुम्ही कॅमेऱ्याकडे आणि पाठमोरं चालायचं, म्हणजे गुडघे बाहेर झुकतात का, खुबा एका बाजूला पडतो का ते दिसतं. झोपून गुडघा किती वाकतो आणि किती सरळ होतो. दोन्ही गुडघ्यांच्या वाटीच्या वर दोन-तीन बोटांवर टेप लावून घेर मोजायचा, सूज कळते. टेप नसेल तर दोरा घेऊन मग पट्टीवर मोजा. दुखरी जागा तुमच्याच बोटाने दाबून दाखवायची.

शेवटी खुर्चीची चाचणी. हात छातीवर फुलीसारखे बांधायचे आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोजायचं. खुर्चीची उंची सुमारे ४३ सेंटिमीटर. ६५ ते ६९ वयाच्या बाईला ११ पेक्षा आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर ते सरासरीच्या खाली धरतात. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल तर नियमाप्रमाणे शून्य, पण मी हात टेकवून किती झालं तेही लिहून ठेवते. मावशींचे सहा झाले. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

पहिले दोन आठवडे

मी पहिल्या कॉलवर चारपेक्षा जास्त व्यायाम देत नाही. दहा दिले की एकही होत नाही.

*टॉवेल दाबणं.* पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. गुडघ्याने ती खाली दाबा, मांडी वरून दगडासारखी घट्ट झाली पाहिजे. पाच आकडे मोठ्याने मोजा, सोडा. दहा वेळा, रोज दोनदा. मोठ्याने मोजायला सांगते कारण मग श्वास रोखला जात नाही. श्वास रोखून जोर लावला की बीपी चढतं.

*टाच सरकवणं.* पाय लांब, टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी. टाच सरकवत स्वतःकडे आणा, जिथं ओढ जाणवेल तिथं थांबा, परत सोडा. दहा-पंधरा वेळा. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी केलं तर पहिली पावलं सुटी पडतात.

*खुर्चीतून उठ-बस.* हा सगळ्यांचा राजा. खुर्ची बुटकी वाटत असेल तर घडी घातलेली सतरंजी किंवा घट्ट गादी ठेवून उंच करा. दोन पावलांत खांद्याइतकं अंतर, टाचा गुडघ्यांच्या जरा मागे. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका आणि उठा. बसताना तीन आकडे मोजत सावकाश, धपकन नाही. गुडघे एकमेकांकडे झुकू देऊ नका. आठ वेळा, मिनिटभर थांबून पुन्हा आठ. दिवसाआड.

*ओट्याला धरून पाय बाजूला.* ओट्यासमोर ताठ उभं राहून एक पाय कुशीकडे उचला, पाऊल समोरच बघत राहील, धड कलंडणार नाही. दहा-दहा वेळा, दिवसाआड. खुब्याचा स्नायू मजबूत झाला की गुडघा डगमगत नाही, हे बऱ्याच जणांना नवीन वाटतं.

सोबत चालणं. किती? आज तुम्ही दुखणं न वाढता जितकं चालू शकता, तेवढंच. ते पाच मिनिटं असेल तर पाचच, पण दिवसातून तीनदा. दर आठवड्याला मिनिट-दोन मिनिटं वाढवा.

किती दुखलं तर चालेल

याचं नेमकं उत्तर माहीत नसल्यामुळे लोक व्यायाम सोडतात. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी मोजपट्टी मनात धरा. व्यायाम करताना दोन-तीनपर्यंत दुखणं बिनधास्त चालेल. चार-पाचपर्यंत गेलं तर सांभाळून, पण थांबायची गरज नाही. पाचच्या वर गेलं तर थांबा आणि संख्या किंवा खोली कमी करा. दुसरी कसोटी दुसऱ्या दिवशीची: वाढलेलं दुखणं चोवीस तासांत नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं, किंवा गुडघा सुजला, तर तुम्ही जास्त केलंत. पुढच्या वेळी निम्मं करा, बंद करू नका.

मांडी भरून येणं, जड वाटणं हे स्नायूचं दुखणं आहे, पहिल्या दहा दिवसांत ते होणारच. गुडघ्यात कटकट आवाज येतो म्हणून घाबरून फोन करणारे खूप असतात. आवाजासोबत दुखणं किंवा सूज नसेल तर आवाजाकडे लक्ष देऊ नका.

वहीत रोज एकच ओळ: तारीख, व्यायाम केला का, दुखणं दहापैकी किती, किती मिनिटं चाललो. एवढंच. पुढच्या कॉलवर ही वही कॅमेऱ्यासमोर धरा. मला त्यातून जेवढं कळतं तेवढं तुमच्या "ठीक आहे"तून कळत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून वाढवायचं

दुसरा कॉल आठ-दहा दिवसांनी, तिसरा चौथ्या आठवड्याच्या आसपास. या कॉलवर तुम्ही व्यायाम करून दाखवायचे, मी चुका काढायच्या. आठवड्यात पद्धत कशी बिघडते याचं आश्चर्य वाटतं. मावशी उठताना नकळत सगळा भार डाव्या पायावर टाकत होत्या. समोरून कळलं नसतं, मी फोन बाजूला ठेवायला सांगितला तेव्हा दिसलं. उजवं पाऊल चार बोटं मागे घ्यायला सांगितलं, लगेच उजवी मांडी थरथरायला लागली. तिथं खरा व्यायाम सुरू झाला.

आता खुर्चीखालची सतरंजी काढा. खुर्चीत बसून पाय सरळ करताना घोट्याला वजन बांधा: जुन्या मोज्यात अर्धा किलो तांदूळ, गाठ मारून. दोन आठवड्यांनी एक किलो. ओट्याला धरून टाचा उचलणं सुरू करा. आणि पायरी: उंबरा किंवा घराची पहिली पायरी, एका बाजूला भिंत किंवा कठडा, दुखरा पाय वर ठेवून चढा, मग सावकाश उतरा. उतरणं कठीण वाटणारच. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यात मोजणीचं यंत्र बसवून संशोधकांनी पाहिलं आहे: सपाट चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार येतो आणि जिना उतरताना जवळजवळ साडेतीनपट. म्हणून उतरायचा सराव शेवटी आणि बेताने.

वजन किती लावायचं याची खूण सोपी आहे. दहापैकी शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. बाराव्या वेळीही गप्पा मारता येत असतील तर वजन वाढवायची वेळ झाली.

पाचव्या-सहाव्या आठवड्याचा खड्डा

इथं माझे सर्वात जास्त पेशंट गळतात. दुखणं थोडं उतरलेलं असतं, घरात लग्न किंवा सुगी येते, व्यायाम चार दिवस राहतो आणि मग राहूनच जातो. किंवा उलट, सहा आठवडे करूनही "फारसा फरक नाही" म्हणून. स्नायूची ताकद नजरेत भरायला आठ ते बारा आठवडे लागतात. त्याआधी निर्णय घेऊ नका.

व्यायाम रोजच्या कामाला बांधून टाका. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत टाचा उचलणं, मालिकेच्या जाहिरातींत उठ-बस. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांना माझी कळकळीची विनंती आहे: फी भरून मोकळे होऊ नका. आठवड्यातून एकदा आईला व्हिडिओ लावून म्हणा, "आई, किती उठ-बस झाल्या, करून दाखव." दुबईतल्या एका मुलाने हे तीन महिने न चुकता केलं. त्याच्या आईने माझ्यापेक्षा त्याच्यासाठी जास्त व्यायाम केला.

घर दाखवा

ऑनलाइनचा मला सर्वात आवडणारा भाग हा. दवाखान्यात मी तुमचा गुडघा बघते, कॉलवर तो गुडघा जिथं राहतो ते घर बघते. एका कॉलला फोन हातात घेऊन घरभर फिरवा.

भारतीय बैठकीचा संडास असेल तर सध्या त्यावर कमोड खुर्ची ठेवा. मेडिकल दुकानात मिळते. संडासात भिंतीला आडवी दांडी बसवून घ्या. गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण पडणं टळतं. कांदे चिरायला, भाजी निवडायला जमिनीवर बसत असाल तर उंच स्टूल घ्या. देवपूजा पाटाऐवजी खुर्चीत बसून केली तर देव रागावत नाही, हे मी आज्यांना मनापासून सांगते. मांडी घालून बसणं कायमचं बंद असं मात्र मी म्हणत नाही. तीन महिन्यांनी वाकणं सुधारलं की खाली दोन उशा घेऊन पाच मिनिटांपासून पुन्हा सुरू करता येतं.

काठी हवी असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. जवळजवळ सगळे उलट धरतात. उंची: हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत.

शेक, गोळ्या, वजन

आखडलेपणाला गरम शेक, पंधरा मिनिटं. चालून सूज आली तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर दोन्हीत भाजण्याचा धोका आहे, आधी कोणाकडून तरी तापमान तपासून घ्या. गुडघ्याला चोळायचं डायक्लोफेनॅकचं जेल हे पोटात घ्यायच्या गोळीपेक्षा आधी विचारात घ्यावं. वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून आपापल्या आणून महिनोन्‌महिने घेऊ नका. जठर, किडनी आणि बीपी तिन्हीवर त्यांचा परिणाम होतो. कोणती आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील, मी नाही. नी-कॅप बाहेर जाताना घातली तर हरकत नाही, दिवसभर नको.

वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो. दोन-तीन किलोंचाही फरक जाणवतो, त्यामुळे वीस किलोंचा डोंगर मनात आणू नका.

बारावा आठवडा

पुन्हा तीच खुर्ची, तेच ३० सेकंद. आकडा वाढला असेल, दुखणं दहापैकी दोन-तीनने उतरलं असेल, अडलेलं काम सुटायला लागलं असेल, तर उपचार लागू पडला आहे. आता कॉल महिन्या-दीड महिन्याने पुरे. व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस चालू ठेवायचे. मधूनच आठ दिवस दुखणं उसळेल, हवा बदलली किंवा लग्नात जास्त उभं राहिलं की होतंच. तेव्हा निम्म्या संख्येवर या आणि पुन्हा वाढवा.

तीन महिने नियमित करूनही रात्रीची झोप जात असेल, घरातल्या घरात चालणं अवघड असेल, गुडघा दिवसेंदिवस जास्त वाकडा होत असेल, तर मी स्वतः अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवते. सांधा बदलायची शस्त्रक्रिया झालीच तरी हे तीन महिने वाया जात नाहीत. मजबूत मांडी घेऊन टेबलवर गेलेला माणूस ऑपरेशननंतर लवकर उभा राहतो.

मावशींचे बाराव्या आठवड्यात अकरा झाले. त्या दिवशी त्यांनी फोन डब्यांवरून उचलला आणि सुनेच्या हातात दिला. सून फोन धरून मागे, मावशी पुढे, अशा दोघी फाट्यावर गेल्या. दुपारची एसटी आली. कठड्याला फक्त बोटं टेकलेली, उजवा पाय आधी, मग डावा. वर गेल्यावर कंडक्टर विचारत होता कुठं जायचं, आणि मावशी त्याला सांगत होत्या की कुठंच नाही, आता उतरून दाखवायचंय.